रिमोट टीम: रोज स्टँडअपला 'चालू आहे', शुक्रवारी 'अडलंय'

खराडी_बायपास

नमस्कार मंडळी.

खराडीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत टीम लीड आहे. टीम अशी: चौघं पुण्यात, त्यातले दोघे आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात येतात, बाकी दोघे पुण्यात असूनही घरूनच. एक मुलगा कोल्हापूरला, एक मुलगी अंबाजोगाईला, एक जण कोईमतूरला. टेस्टिंगची दोन माणसं पोलंडमध्ये आणि प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) शिकागोत.

गेल्या महिन्यातला किस्सा. कोल्हापूरच्या मुलाकडे इनव्हॉइसवरच्या कराच्या हिशेबाचं काम होतं. रोज सकाळी स्टँडअपला (कामाचा आढावा घेणाऱ्या छोट्या कॉलला) त्याचं ठरलेलं उत्तर, "चालू आहे, होईल." शुक्रवारी डेमोच्या तोंडावर कळलं की त्याला टेस्ट सर्व्हरचा अ‍ॅक्सेसच मिळालेला नाही. अ‍ॅक्सेसची मंजुरी शिकागोहून येते. त्यानं मागितला होता, पण एकदाच, आणि तोही दुसऱ्याच विषयावरच्या भल्यामोठ्या चॅटच्या पोटात. तो मेसेज कुणी पाहिला नाही आणि यानं पुन्हा विचारलं नाही. मुलगा हुशार आहे, कामचुकार तर मुळीच नाही.

आमच्या मॅनेजरांनी यावर जे उपाय काढले ते असे: स्टँडअप दिवसातून दोनदा, कॅमेरा सक्तीचा, आणि प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कीबोर्ड-माउसची हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर. मला यातलं एकही पटत नाही. पण "मग तू काय करणार?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नाही.

ज्यांच्या टीम अशा पसरलेल्या आहेत त्यांनी स्वतः काय केलं ते सांगा. एचआरचे वेबिनार ऐकून झालेत, ते नकोत.

तीन_शिफ्ट

कॅमेरा ऑन करून काय दिसणार? मागे दोरीवर वाळणारे कपडे आणि मधूनच डोकावणारी आजी. अ‍ॅक्सेस मिळालाय की नाही, हे कॅमेऱ्यात दिसत नसतं हो.

रविवारची_मिसळ

वाखु (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे हेच चालू आहे, फक्त कोल्हापूरच्या जागी नाशिक.

जुना_ऑफशोअर

धागाकर्ते साहेब, तुमचा मुलगा खोटं बोलत नव्हता. तुम्ही "कुठवर आलं?" विचारत होतात, आणि त्याला "चालू आहे" हे उत्तर खरंही असतं आणि बिनधोकही. पंधरा मिनिटांच्या कॉलवर आठ-नऊ जणांसमोर, त्यातही साहेब लोक ऐकत असताना, "माझं अडलंय" म्हणायला नव्या पोराची जीभ रेटत नाही. ऑफिसात असता तर दुपारी चहाला जाताना त्याचा चेहरा बघून तुम्ही विचारलं असतं. ती सोय गेली, पण प्रश्न जुनाच राहिला.

मी प्रश्न बदलला. आमच्याकडे रोज लेखी एकच गोष्ट विचारली जाते: आज तू कुणाची वाट बघतोयस? उत्तरात माणसाचं नाव पाहिजे. "इन्फ्रा टीम" (सर्व्हर सांभाळणारे) चालत नाही, इन्फ्रामधला कोण? कुणाचीच वाट बघत नसशील तर तसं लिही. या प्रश्नात कुणाची चूक निघत नाही, त्यामुळे लोक खरं लिहितात. आणि नाव आलं की त्या नावाच्या मागे लागणं हे लीडचं काम, पोराचं नव्हे. शिकागोच्या प्रॉडक्ट ओनरला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आठवण करायला ज्युनियर कचरतोच.

दुसरी गोष्ट, मेसेज लिहायचा कसा. आपल्याकडे पोरं आधी "हाय" टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. हिशेब करून बघा. सकाळी अकराला इथून "हाय" गेलं, तेव्हा शिकागोत रात्रीचे साडेबारा. तो माणूस त्याच्या सकाळी नऊला "हाय, बोल" म्हणतो, तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात, आणि आपला गडी गाडीवर बसून घरी निघालेला. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी जातो, उत्तर त्या रात्री. नुसत्या नमस्कारात अख्खा दिवस गेला.

आमच्याकडे नवीन आलेल्याला मी असा नमुना दाखवतो (मूळ इंग्रजीत असतो, इथं मराठीत देतो):

"इनव्हॉइसच्या कराच्या हिशेबासाठी मला टेस्ट सर्व्हरचा, फक्त वाचण्यापुरता, अ‍ॅक्सेस हवा आहे. मंजुरी तुमच्याकडे आहे. तुमच्या मंगळवारी दुपारपर्यंत मिळाला तर शुक्रवारी पूर्ण डेमो दाखवता येईल. नाही मिळाला तर कराचा भाग वगळून बाकीचं दाखवू. तोवर मी जुन्या डेटावर काम करतोय."

यात "काइंडली डू द नीडफुल" कुठेही नाही. वाचणाऱ्याला एकही उलटा प्रश्न विचारावा लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यानं उत्तर दिलं नाही तर काय होईल, हेही त्यातच आहे. "शुक्रवारी कराचा भाग दिसणार नाही" हे वाचल्यावर शिकागोवाला बरोबर जागा होतो.

खराडी_बायपास

साहेब नाही, बाई. :) बाकी नमुना उचलते आहे. "कुणाची वाट बघतोयस" फार आवडलं.

घड्याळजी

शिकागो आणि पोलंड दोन्ही असतील तर एक वेगळं दुखणं सांगून ठेवतो, मार्चमध्ये उपयोगी पडेल.

आपलं घड्याळ वर्षभर जागच्या जागी. (दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही ते काही वर्षं तासभर पुढे केलं होतं, पण ते असो.) अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपचं मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत येताना युरोप आधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. म्हणजे पुण्याचे संध्याकाळचे ६:३० उन्हाळ्यात शिकागोत सकाळचे ८ आणि पोलंडमध्ये दुपारचे ३. हिवाळ्यात तेच ६:३० शिकागोत सकाळचे ७ आणि पोलंडमध्ये दुपारचे २. मधल्या दोन-तीन आठवड्यांत शिकागो बदललेलं आणि पोलंड जागेवरच, त्यामुळे तिघांचा मेळ असा बिघडतो की कुणीतरी रिकाम्या कॉलवर तासभर बसून राहतं.

मीटिंगचं निमंत्रण कॅलेंडरमध्ये कुठल्या गावच्या वेळेला बांधलंय ते बघा. शिकागोच्या सकाळी ८ ला बांधलं असेल तर हिवाळ्यात पुण्याचा कॉल आपोआप ७:३० ला सरकतो. पुण्याच्या वेळेला बांधलं तर शिकागोवाला अंधारात उठतो. दोन्ही चालतं, पण ठरवून केलेलं असावं, आणि नेहमी एकाच गावानं झोप मोडू नये. आम्ही हिवाळाभर एक महिना आमच्या सोयीनं, एक महिना त्यांच्या सोयीनं ठेवतो. क्लायंटला हे कबूल करून घ्यायला नेट लावावा लागतो. पण रोज रात्री साडेनऊला इथल्या माणसाला ताटावरून उठवताय हे त्यांना खरंच माहीत नसतं, कारण आपण कधी सांगितलेलं नसतं. "नो प्रॉब्लेम, वी विल मॅनेज" म्हणायची सवय.

उदगीरकर_ताई

मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. उदगीरहून काम करते, कंपनी बाणेरची.

सगळे लीड लोक "रिमोटवाले बोलत नाहीत" म्हणतात. आम्हाला ऐकू काय येतं ते विचारा एकदा. पुण्यातले सहा जण एका मीटिंग रूममध्ये, टेबलाच्या मधोमध एक माइक, आणि आम्ही दोघी भिंतीवरच्या टीव्हीत. माइकजवळ बसलेल्याचा बिस्किटाचा पुडा स्पष्ट ऐकू येतो. कोपऱ्यातल्या आर्किटेक्टचं बोलणं येत नाही. मग सगळे हसतात. कशाला हसले ते आम्हाला कळत नाही, म्हणून आम्हीही थोडं हसतो. फळ्यावर कुणीतरी बाण काढतं, तो फळा कॅमेऱ्याच्या बाहेर. "एनी क्वेश्चन्स फ्रॉम रिमोट?" हे शेवटच्या मिनिटाला. आणि मीटिंग संपल्यावर ही मंडळी खाली टपरीवर जातात, तिथं अर्धे निर्णय फिरतात. आम्हाला दोन दिवसांनी कोडमधून कळतं.

आमच्या नव्या लीडनं एक नियम केला. एक माणूस जरी बाहेरून असेल तर सगळ्यांनी आपापल्या जागेवरून, आपापल्या हेडफोननं कॉल घ्यायचा. मीटिंग रूम बंद. ऑफिसवाल्यांनी सुरुवातीला कुरकुर केली, "शेजारी बसून कॉलवर काय बोलायचं." आता सवय झाली. टपरीवर काही ठरलं तर ठरवणाऱ्यानंच परत आल्यावर तिकिटावर (त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीवर) दोन ओळी टाकायच्या. नाही टाकल्या तर ते ठरलेलंच नाही, असं धरून आम्ही पुढे जातो. एकदा खरंच तसं झालं आणि टपरीवाल्यांना काम परत करावं लागलं. त्यानंतर ओळी येतात.

लाइट आणि इंटरनेटबद्दलही लिहिते, कारण पुण्यातल्या माणसाला हे कळत नाही. माझ्या घरी इन्व्हर्टर आहे, राउटर त्यावर आहे, दुसऱ्या कंपनीचं डोंगलही आहे. पण गल्लीच्या तोंडाशी केबलवाल्याची जी पेटी आहे तिला बॅकअप नाही. लाइट गेली की माझा राउटर चालू आणि इंटरनेट बंद. वैशाखात वारं सुटलं की हे ठरलेलंच. मी ढग बघून आधीच कोड वर ढकलून ठेवते आणि ग्रुपवर "वारं सुटलंय" टाकते. लीडला कळतं की पुढचा तासभर माझ्यावर काही सोपवू नये. हे सांगायला लाज वाटत नाही असं वातावरण असणं, यातच सगळं आलं. आधीच्या ठिकाणी यावर मला "प्रोफेशनल सेटअप ठेवा" असा मेल आला होता.

तीन_शिफ्ट

ताई, बिस्किटाच्या पुड्यासाठी दंडवत.

आकडेवाला

निकोलस ब्लूम हे स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्या कॉल सेंटरच्या लोकांची वाढदिवसाची तारीख सम की विषम यावरून विभागणी केली आणि नऊ महिने निकाल मोजला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, बरीचशी कमी सुट्ट्या आणि कमी ब्रेक यामुळे. पण तेवढीच कामगिरी असताना बढतीचं प्रमाण मात्र घटलं. ताई जे सांगतायत ते हेच, डोळ्यासमोर नाही तो यादीत नाही. प्रयोग संपल्यावर एकटं वाटतं म्हणून बरेच जण ऑफिसात परतलेही.

त्याच कंपनीचा पुढचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. १,६१२ कर्मचारी, त्यात अर्ध्यांना आठवड्यात दोन दिवस घरून. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण मात्र एक तृतीयांशानं घटलं. फायदा जास्त कुणाला? स्त्रियांना, मॅनेजर नसलेल्यांना आणि ज्यांचा प्रवास लांबचा त्यांना. हिंजवडीच्या चौकात उभं राहून सिग्नल मोजणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

फक्त पहिल्या प्रयोगाचा १३ टक्के हा आकडा कुणी आपल्या मॅनेजरच्या तोंडावर फेकू नये. कॉल सेंटरचं काम मोजता येतं. तुमच्या कराच्या हिशेबाचं तसं मोजता येत नाही.

कोथरूड_डेपो

सगळं लिहा, सगळं लिहा. उंटावरून सल्ला द्यायला छान आहे. माझ्या टीममधली निम्मी पोरं मराठी माध्यमातली आहेत, कोड सुरेख लिहितात, पण इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की अर्धा तास घालवतात. आता तर सगळे चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. परवा एकाचं अपडेट आलं, चार परिच्छेद, "रोबस्ट" काय, "सीमलेस" काय, आणि अडलंय कुठे ते एकाही ओळीत नाही. फोन केला तर मराठीत दीड मिनिटात सगळं सांगितलं.

मग फोनच का करू नये? मी तर म्हणतो रिमोट टीमला लिहिणं कमी आणि बोलणं जास्त लागतं.

जुना_ऑफशोअर

डेपोसाहेब, फोन जरूर करा. अडलेलं सोडवायला फोनच बरा. पण फोनवर जे ठरलं ते तुमच्या दोघांच्या डोक्यात राहिलं. पोलंडवाल्या टेस्टरला ते कोण सांगणार? फोन संपला की दोघांपैकी एकानं तिकिटावर टाकायचं: काय ठरलं, का ठरलं, कोण करणार. तीन ओळी. व्याकरण गेलं खड्ड्यात. माझ्या टीमला मी सांगून ठेवलंय की मोडकं इंग्रजी चालेल, मशीनचं गुळगुळीत इंग्रजी चालणार नाही, आणि माझे स्वतःचे मेसेज मी मुद्दाम तुटकच लिहितो. लीडनं कादंबरी लिहिली की पोरांना वाटतं आपणही लिहिली पाहिजे.

मराठीचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून घेऊ, कारण धागालेखिकेच्या टीममध्ये कोईमतूरचा माणूस आहे. पुण्यातल्या टीमचा कामाचा ग्रुप बघता बघता मराठीत जातो. आधी एखादा विनोद, मग "अरे तो बिल्ड फुटलाय बघ", मग सगळी चर्चाच. मराठीचा अभिमान मलाही आहे, इथं लिहितोय ते मराठीतच. पण ज्या ग्रुपवर काम चालतं तिथं तो कोईमतूरचा माणूस ट्रान्सलेट दाबत बसतो आणि काही दिवसांनी बोलणंच सोडतो. मग आपण म्हणतो, "तो जरा अबोल आहे." गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढा, तिथं पुलंपासून पावसापर्यंत काहीही चालू द्या.

कोथरूड_डेपो

ग्रुपचा मुद्दा मान्य. तीन ओळींचा करून बघतो, पण पोरांवर विश्वास नाही आणि माझ्यावर त्याहून नाही.

चाकणकर_काका

आयटीवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. आमचं काम मशीनच्या सर्व्हिसचं. ऑफिस चाकणला, इंजिनियर पोरं सानंद, पंतनगर, होसूर अशी कारखान्यांच्या गावांत पसरलेली. कॅमेरा-बिमेरा नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅप. पण तुमचं दुखणं आणि आमचं दुखणं एकच. पोरगा मशीनसमोर उभा, मशीन बंद, गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं, आणि आम्हाला फोनवर "हो सर, बघतोय सर."

आम्ही काय केलं सांगतो. पहिलं, मशीन बंद सापडलं की आधी फोटो, मग हात. फोटोत कंट्रोलरच्या पडद्यावरचा अलार्म नंबर वाचता आला पाहिजे आणि मशीनची नंबर प्लेट दिसली पाहिजे. पोरगं घाबरून रिसेट मारतं, अलार्म पुसला जातो, आणि मग आम्ही चाकणला बसून ज्योतिष सांगत राहतो. दुसरं, फोटो ग्रुपवर टाकायचा, मला पर्सनलवर नाही. होसूरच्या पोरानं तोच अलार्म मागच्या महिन्यात काढलेला असतो, पण मला पर्सनलवर आलं तर त्याला कळणार कसं? तिसरं, एक तास झाला आणि काही सुधरलं नाही तर वरच्या माणसाला फोन करायचाच. विचारून नाही, नियम म्हणून. आधी पोरं अभिमानानं तीन-तीन तास झुंजत बसायची. फोन केला म्हणजे आपल्याला येत नाही असं होईल, ही भीती. आता तासाभरात फोन नाही आला तर मीच विचारतो, "का नाही केलास?" भीतीची दिशा उलटी केली एवढंच.

व्हॉइस नोट मात्र बंद केली. अर्धा मिनिट "हां सर, तो मैं क्या बोल रहा था" यातच जातं, आणि नंतर शोधायला गेलं की सापडत नाही.

उदगीरकर_ताई

काका, एक तासाचा नियम आयटीत पण पाहिजे. आमच्याकडे अर्धा दिवस करता येईल. लगेच लीडला पाठवते.

शनवार_पेठ

अवांतर आहे, पण राहवत नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. नानासाहेब पेशवे तेव्हा फौज घेऊन उत्तरेला निघालेले, भेलशाच्या (आताचं विदिशा) बाजूला होते. त्यांना पराभवाची खबर कुणाकडून कळली? स्वतःच्या सरदाराकडून नाही. एका सावकाराचं पत्र घेऊन जाणारा जासूद वाटेत सापडला, त्या पत्रात: दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. तोवर लढाईला दहा-एक दिवस उलटून गेले होते.

सावकाराच्या पेढीची डाक वेगानं का धावली? कारण पैसा बुडाल्याची बातमी उशिरा कळवली तर आणखी पैसा बुडतो, त्यामुळे तिथं वाईट बातमी लपवण्यात कुणाचाच फायदा नव्हता. तुमच्या टीममध्ये वाईट बातमी आधी कळवण्यात कुणाचा फायदा आहे, ते बघा.

तीन_शिफ्ट

पुण्यातल्या कुठल्याही धाग्यात पानिपत यायला सरासरी किती प्रतिसाद लागतात, यावर आकडेवाल्यांनी काम करावं.

(मुद्दा बिनतोड आहे, हे नाइलाजानं मान्य.)

लॉग_बघा

पेठेकरांच्या मुद्द्याला आजच्या काळातली जोड देतो. गिटलॅब ही कंपनी पूर्णपणे रिमोट, लोक जगभर विखुरलेले. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनियरनं रात्री उशिरा काम करताना दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. लक्षात येईपर्यंत उशीर झालेला. मग बॅकअप बघायला गेले तर रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचं साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं. आणि तो फसल्याचे इशारा देणारे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते, मेल सर्व्हर ते नाकारत होता. सगळे समजत होते की तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक. शेवटी एकानं दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हातानं घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा मात्र गेला.

बघण्यासारखं आहे ते पुढचं. सर्व्हर उभा करताना चाललेल्या नोंदी त्यांनी जगाला उघड्या ठेवल्या, यूट्यूबवर थेट प्रक्षेपण केलं, आणि नंतर जो अहवाल काढला त्यात त्या इंजिनियरचं नाव नाही. खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं नाही. पुढच्या वेळी कुणाच्या हातून काही उडालं तर तो पाचव्या मिनिटाला सांगेल की पाचव्या तासाला, हे तिथंच ठरतं.

धागालेखिका, त्या माउस मोजणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल. ते आलं की टीममधला सगळ्यात हुशार माणूस पहिला शहाणपणा कुठे लावेल? ऑप्टिकल माउस काट्यांच्या घड्याळावर ठेवला की सेकंदकाट्यानं कर्सर हलत राहतो. ऑनलाइन माउस हलवायची यंत्रंही मिळतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेनं २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल केली म्हणून डझनभराहून जास्त लोक काढले. म्हणजे मोजणारे मोजत होते आणि हलवणारे हलवत होते. तुमच्या कोल्हापूरच्या मुलाचा कीबोर्ड तर त्या आठवड्यात भरपूर चालला असणार, जुन्या डेटावर. सॉफ्टवेअरनं त्याला हिरवा दिवा दिला असता.

खराडी_बायपास

सगळ्यांचे आभार. या दरम्यान काय झालं ते लिहिते.

लॉग_बघा यांचा शेवटचा मुद्दा मी मॅनेजरांपुढे तसाच ठेवला. त्या आठवड्याचे कोडचे कमिट (जमा केलेल्या बदलांच्या नोंदी) काढून दाखवले. मुलगा रोज काम करत होता, फक्त त्याचा उपयोग नव्हता. सॉफ्टवेअरचा विषय सध्या बाजूला पडलाय. दुसरा स्टँडअपही टळला. कॅमेऱ्यावर तडजोड झाली, क्लायंटच्या कॉलला सुरुवातीची पाच मिनिटं चालू, मग ज्याची त्याची मर्जी.

"कुणाची वाट बघतोय" हा वेगळा चॅनेल सुरू केला. पहिले दोन दिवस शुकशुकाट. मग तिथं मीच लिहिलं, "मी आमच्याच फायनान्सच्या एकाची वाट बघतेय, लायसन्सच्या बिलासाठी, मागे लागून दमले." त्यावर अंबाजोगाईची मुलगी म्हणाली की तिची बॅचमेट फायनान्सला आहे, आणि बिल त्या दिवशी सुटलं. दुपारी कोल्हापूरनं लिहिलं. त्याला शिकागोच्या नियमावलीतला एक कर कळत नव्हता, आणि उत्तर शिकागोहून नाही, पोलंडच्या टेस्टरकडून आलं. तिनं आधीच्या प्रोजेक्टवर तेच तपासलं होतं. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

कोईमतूरवाल्याला थेट विचारलं, कामाच्या ग्रुपवर मराठीमुळे अडतं का. आधी "नो नो, इट्स फाइन". एक-एकाच्या कॉलवर थोड्या वेळानं म्हणाला, थोडं अडतं. गप्पांचा ग्रुप वेगळा काढला. आता त्या गप्पांच्या ग्रुपवरही तो आहे आणि मराठी मीम विचारून घेतो.

नवीन अडचण: चॅनेलवर आता दिवसाला तीस-चाळीस मेसेज पडतात आणि जे खरंच अडलंय ते त्यात बुडतं. काय करता?

जुना_ऑफशोअर

सुटलं की सुटल्याची खूण करायची सक्ती करा, एक बरोबरचं चिन्ह पुरे. आणि संध्याकाळी, शिकागो उठायच्या आधी, बिनखुणेचे जेवढे उरले तेवढेच एका मेसेजमध्ये गोळा करून त्यांना पाठवा. ते काम आठवड्याला एकेकानं करायचं. लीडनं कायम करू नये, नाहीतर तुम्ही रजेवर गेलात की भिजत घोंगडं. तिकीट ज्यावर आहे ते चॅनेलवर परत लिहायचं नाही, हाही नियम लावा, निम्मे मेसेज कमी होतील.

घड्याळजी

आणि एक सुट्ट्यांचं कॅलेंडर करून ठेवा. पोलंडला १ आणि ११ नोव्हेंबर सुट्टी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, त्याचा शुक्रवार गेलाच समजा. आपली दिवाळी कधी त्याच्या आधी, कधी अगदी जवळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिन्ही ठिकाणची माणसं एकत्र हजर असे आठवडे बोटांवर मोजण्याइतके. रिलीज तिथं बसवा.

खराडी_बायपास

हे ऐकून आजच बघितलं. क्लायंटनं एक रिलीज अनंत चतुर्दशीला ठेवलंय! पुण्यात विसर्जनाच्या दिवशी दोघं मिरवणुकीच्या रस्त्यावर राहतात, ढोल-ताशांत कॉल कसला घेणार. शिकागोला लिहिलं, यावेळी नमुन्याप्रमाणे: हा दिवस नको, कारण हे, दोन दिवसांनी केलं तर हे मिळेल, नाहीतर रात्री इथं कुणी हजर नसेल. तासाभरात उत्तर आलं, "शुअर, मूव्ह इट." इतकी वर्षं आम्ही कुणीतरी लॅपटॉप घेऊन सासरी-माहेरी बसायचो.

चाकणकर_काका

कॅलेंडरमध्ये खंडेनवमी टाका. आमच्याकडे त्या दिवशी मशीनची पूजा, सर्व्हिस कॉल घेत नाही. होसूरला त्याच दिवशी आयुधपूजा, त्यामुळे तिथलं गिऱ्हाईक कधी भांडत नाही. बाकीच्या गावांना मात्र दरवर्षी आठवडाभर आधी कळवावं लागतं.